मांजराची वाटी

मुलांनो, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी मांजर आहे? ज्यांच्या घरी नसेल, त्यांच्या जिन्यावर, गच्चीवर किंवा गल्लीतल्या मटणाच्या दुकानाबाहेर ते नक्की असेल. आता एक काम करा. डोळे मिटा आणि जेवणारे मांजर मनात आणा. काय दिसले? मला खात्री आहे, तुमच्यापैकी बहुतेकांना दुधाची वाटी दिसली.

यात तुमचा दोष नाही. आपल्या भाषांनीच आपल्याला हे शिकवले आहे. मराठीत म्हणतात, 'मांजर डोळे मिटून दूध पिते.' दुसरी म्हण आहे, 'शिंक्याचे तुटले नि बोक्याचे फावले.' शिंके म्हणजे आढ्याला टांगलेली दोऱ्यांची जाळी. पूर्वी दूध, दही, लोणी त्यात ठेवत, म्हणजे मांजराचे तोंड पोहोचत नसे. तुम्ही घरी उर्दूत हीच म्हण ऐकली असेल, 'बिल्ली के भागों छींका टूटा.' दोन्ही भाषांतल्या आजीबाईंनी एकत्र बसून ठरवावे तसे हे झाले! पण उर्दूत आणखी एक म्हण आहे, 'नौ सौ चूहे खाके बिल्ली हज को चली.' नऊशे वाट्या दूध पिऊन ती निघाली, असे कोणी म्हणत नाही. आहाराच्या बाबतीत मला ही म्हण जास्त खरी वाटते.

दुधाचे खरे काय, ते आधी पाहू. मांजराचे पिल्लू आईचे दूध पिते. दुधात एक साखर असते, तिला लॅक्टोज म्हणतात. ती पचवणारा रस पिल्लाच्या आतड्यात भरपूर असतो. पिल्लू आईपासून तुटले, मांस खाऊ लागले, की हा रस कमी कमी होत जातो. मग मोठ्या मांजराने वाटीभर दूध प्यायले, की ती साखर न पचता आतड्यात राहते, आंबते आणि मांजराला जुलाब होतात. काही मांजरांना थोडे दूध सोसते, काहींना चमचाभरही सोसत नाही. दूध हे विष नाही. पण ते मांजराचे अन्नही नाही, आणि पाणी तर मुळीच नाही. दुधाच्या वाटीशेजारी पाण्याची वाटी किती घरांत असते, ते एकदा मोजून पाहा.

मग मांजराचे अन्न कोणते? मांस. मांजर आवडीने मांस खाते एवढेच नाही, त्याला मांसावाचून जगता येत नाही. आपण डाळ-भात खाऊन राहू शकतो. कुत्राही भाकरीवर दिवस काढतो. मांजराचे तसे नाही. त्याच्या शरीराला टॉरिन नावाचा एक पदार्थ लागतो. तो मांसात आणि मासळीत असतो. भातात, पोळीत, भाजीत नसतो. आपले शरीर टॉरिन स्वतः बनवते. मांजराचे शरीर गरजेपुरते बनवू शकत नाही. १९७५ साली शास्त्रज्ञांना आढळले, की टॉरिन न मिळालेल्या मांजरांच्या डोळ्यांतला पडदा झिजतो आणि ती आंधळी होऊ शकतात. पुढे १९८७ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असे दिसले, की टॉरिन कमी पडले तर हृदय सैल पडून फुगते. नवल म्हणजे ही मांजरे उकिरड्यावरची नव्हती. ती डब्यातले विकतचे खाद्य खाणारी लाडकी मांजरे होती. त्यांना टॉरिन दिल्यावर त्यांची हृदये सुधारली, आणि मग खाद्य बनवणाऱ्यांनी त्यात टॉरिन वाढवले. कुत्र्याचे खाद्य मांजराला रोज घालू नये, ते यासाठीच. दोन्ही पिशव्यांवर गोजिरवाणी चित्रे असतात, पण आतला हिशेब वेगळा असतो.

आणखी एक मजेची गोष्ट सांगते. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडी ओळखणाऱ्या जिभेवरच्या यंत्रणेचा एक भाग मांजराच्या साऱ्या घराण्यात बिघडलेला आहे, हे २००५ साली कळले. वाघ आणि चित्ताही त्यातच आले. मग ईदच्या दिवशी तुमचे मांजर शीरखुर्म्याच्या वाटीभोवती का घुटमळते? साखरेसाठी नव्हे. त्याला तूप आणि दुधाची साय यांचा वास येतो. तुम्ही प्रेमाने घातलेली साखर त्याच्या लेखी मातीसारखीच. वर त्यात मनुका असतात. मनुकांनी कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी झाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून पशुवैद्य मांजरांनाही त्या देऊ नका असे सांगतात. तेव्हा शीरखुर्मा तुम्हीच खा.

आता तुम्ही म्हणाल, "मांजराला मांस लागते ना? मग आमच्या घरी खिमा होतो, सालन होते, बिर्याणी होते. त्यातलेच दोन तुकडे दिले की झाले!" इथेच खरा घोटाळा आहे. तो समजण्यासाठी तुम्हांला एका बोक्याची हकिकत सांगते.

मी तेव्हा रत्नागिरीत राहत होते. २०११ साली रमजान ऑगस्ट महिन्यात आला होता. बाहेर कोकणातला पाऊस कोसळत होता. मी वरच्या मजल्यावर, खाली एक खाला राहत. त्यांची मुले नोकरीसाठी दूर गेलेली. घरात त्या आणि त्यांचा भुऱ्या नावाचा बोका. खाला स्वतः पहाटे सहरीला उठत, तेव्हा भुऱ्याही उठे. त्यांचे ताट आणि त्याची वाटी शेजारी शेजारी. खाला म्हणत, "मी त्याला कधी शिळे घालत नाही. जे माझ्या तोंडात, तेच त्याच्या." आणि ते खरे होते. रोज थोडा खिमा, कधी शामी कबाब, कधी सालनात कुस्करलेली भाकरी.

दुसऱ्या आठवड्यात भुऱ्या मंदावला. उडी मारून खिडकीत बसणारा बोका जमिनीवरच पसरू लागला. खालांना वाटले, पावसाने सुस्ती आली असेल. मग एके सकाळी त्यांनी मला हाक मारली. भुऱ्याने कोपऱ्यात लघवी केली होती. तिचा रंग कोऱ्या चहासारखा होता. मी त्याचा ओठ वर करून पाहिले, तर एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या होत्या. त्याचा श्वासही भराभर चालला होता.

आम्ही त्याला पिशवीत घालून रिक्षाने जनावरांच्या दवाखान्यात नेले. खालांनी सोबत आदल्या रात्रीच्या खिम्याचा डबाही घेतला. "डॉक्टर विचारतील काय खाल्ले, तर दाखवायला नको का?" असे त्या म्हणाल्या. मला तेव्हा हसू आले होते, पण डॉक्टरांनी सर्वांत आधी तो डबाच उघडला. चमच्याने खिमा बाजूला सारला आणि विचारले, "खाला, यात कांदा किती?"

"कांद्याशिवाय खिमा होतो का, डॉक्टरसाहेब? पाव किलोला तीन कांदे. आणि लसूण."

"आणि हा रोज खातो?"

"रमजान लागल्यापासून रोज."

डॉक्टरांनी भुऱ्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून त्याला रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मग आम्हांलाही पाहू दिले. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल बटणांसारख्या दिसतात, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. भुऱ्याच्या पुष्कळ पेशींच्या कडेला गाठीसारखा एकेक फुगवटा आला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की कांद्यात गंधकाची काही द्रव्ये असतात. आपण कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येते, तेही गंधकाच्याच द्रव्यांमुळे. पोटात गेल्यावर ही द्रव्ये तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. मांजराचे हिमोग्लोबिन माणसापेक्षा आणि कुत्र्यापेक्षाही जास्त हळवे आहे. ते बिघडते, पेशीत त्याच्या गाठी होतात, आणि अशा पेशी फुटतात किंवा शरीरच त्यांना मोडून टाकते. रक्तच कमी पडले, तर श्वास घेऊनही प्राणवायू अंगभर पोहोचणार कसा?

"पण डॉक्टरसाहेब, कांदा तर मी चांगला लाल होईपर्यंत परतते," खाला म्हणाल्या.

परतल्याने, उकळल्याने, वाळवल्याने कांद्याचा हा गुण जात नाही. कच्चा कांदा, तळलेला कांदा, बिर्याणीवरचा बरिस्ता, मसाल्याच्या पुडीतली कांद्याची भुकटी, सगळे मांजराला सारखेच वाईट. लसूण त्याच घराण्यातला, आणि तो कांद्याहूनही कडक. मांजराच्या दर किलो वजनामागे ५ ग्रॅम कांदा पोटात गेला, तर रक्तावर परिणाम दिसू लागतो. म्हणजे ४ किलोच्या मांजराला २० ग्रॅम, अर्धा लहान कांदासुद्धा नव्हे. आणि रोज थोडा थोडा गेला, तरी नुकसान साठत जाते. त्यातही फसवणूक अशी, की आजार लगेच दिसत नाही. दोन-चार दिवस जातात. मांजर पडते त्या दिवशी आपण आठवू लागतो, की आज त्याने काय खाल्ले. खरे तर आठवायला हवे, ते गेल्या आठवड्यातले.

भुऱ्या वाचला. कांद्याच्या विषावर उतारा देणारे औषध नाही. सलाइन, विश्रांती, साधे उकडलेले चिकन आणि रोज तपासणी, एवढाच उपाय होता. हाडांच्या आतला मगज नवे रक्त तयार करीत राहतो, त्याला सवड मिळाली म्हणून भुऱ्या जगला. ईदच्या दिवशी तो पुन्हा खिडकीत चढून बसला. खालांनी त्या दिवशी काय केले सांगू? त्यांनी एक पितळी वाटी आणि एक लहानसे पातेले चुलीशेजारी वेगळे ठेवले. मटण धुऊन झाले, की मसाला घालण्याआधी, मीठ घालण्याआधी, दोन तुकडे त्या पातेल्यात जात. नुसते पाणी आणि मांस. ते शिजले, गार झाले, की भुऱ्याचे जेवण तयार. खाला आधी त्याला वाढत आणि मग स्वतःच्या खिम्यासाठी कांदा चिरायला बसत.

ही एवढी युक्ती लक्षात ठेवलीत, तर अर्धे काम झाले. उरलेले अर्धे थोडे गुंतागुंतीचे आहे.

बकरी ईदला घरात मांस भरपूर असते, तेव्हा मांजराची चंगळ असते. चरबीचे तुकडे त्याच्यापुढे टाकले जातात. फार चरबीने त्याला उलट्या होतात, पोट बिघडते. कलेजी मात्र चांगली, नाही का? थोडी, कधीतरी, हो. पण रोज कलेजीच घालत राहिले, तर तिच्यातले अ जीवनसत्त्व मांजराच्या शरीरात साठते आणि मानेची हाडे एकमेकांना जुळून ताठ होतात. असे मांजर मान वळवून स्वतःचे अंग चाटूही शकत नाही. आणि शिजवलेली हाडे, विशेषतः कोंबडीची! शिजल्यावर ती ठिसूळ होतात, मोडली की टोकदार फाके निघतात. घशात किंवा आतड्यात रुतले, तर शस्त्रक्रियेवाचून सुटका नाही.

मासळीबद्दल मला नेहमी एक प्रश्न विचारतात. रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरावर गेलात, तर जाळ्यांच्या ढिगांवर लठ्ठ मांजरे बसलेली दिसतील. ती दिवसभर कच्चे मासे खातात. त्यांना काही होत नाही, मग आमच्या मांजराला का होईल? प्रश्न चांगला आहे. पण बंदरावर आपल्याला जी मांजरे दिसतात, ती जगलेली असतात. जी आजारी पडली, ती कुठल्या तरी होडीमागे जाऊन पडतात. ती आपल्याला दिसत नाहीत. शिवाय बंदरावरचे मांजर आज एक मासा, उद्या दुसरा, मध्येच एखादा उंदीर असे खाते. घरातल्या मांजराला आपण एकच एक गोष्ट घालत बसतो. काही जातींच्या कच्च्या माशांत असा एक पदार्थ असतो, की तो ब-१ हे जीवनसत्त्व नष्ट करतो. असे मासे कच्चेच, रोजच्या रोज खाल्ले तर मांजर झोकांड्या खाते, मान खाली वाकवते, त्याला झटकेही येतात. मासा उकडला, की तो पदार्थ निकामी होतो. म्हणून मासा द्यायचा तर उकडून, काटे काढून. सुके बोंबील आणि सुकट यांच्या वासाने मांजर वेडे होते खरे, पण खारवलेल्या मासळीतले मीठ त्याच्या एवढ्याशा शरीराला फार होते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. चॉकलेट, चहाची पूड, कॉफी यांनी मांजराचे हृदय वेड्यासारखे धावू लागते. ती उघडी ठेवू नका. ज्यांच्या घरी बेकरीचा धंदा आहे, त्यांनी खमीर घातलेले कच्चे पीठ झाकून ठेवावे. ते पोटातल्या उबेने फुगते आणि आंबून त्यात दारू तयार होते. कोरा भात, पोळीचा तुकडा, उकडलेला लाल भोपळा यांनी अपाय नाही, पण त्यांनी मांजराचे पोषणही होत नाही.

आणि एक वस्तू अन्न नाही, तरी ती स्वयंपाकघराच्या फळीवरच असते, म्हणून सांगते. ती म्हणजे तापाची गोळी, पॅरासिटामॉल. आपल्याला ताप आला की आपण घेतो, लहान बाळालाही डॉक्टर देतात. त्यामुळे कणकणलेल्या मांजराला पाव गोळी दुधातून द्यावी, असे कोणाला वाटले तर नवल नाही. पण माणसाचे यकृत हे औषध ज्या रीतीने निकामी करते, ती रीत मांजराच्या यकृताला जवळजवळ येत नाही. एका गोळीने मांजर मरू शकते. त्याच्या हिरड्या तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात. असे काही घडले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. मीठ त्याच्यासाठी आणखी एक विष ठरेल. गोळीचे पाकीट घ्या, किती आणि केव्हा ते कागदावर लिहा आणि तडक पशुवैद्याकडे जा. मांजराने दोन दिवस अन्नाला तोंड लावले नाही, तरी थांबू नका. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून ते बंद पडू लागते. 'भूक लागेल तेव्हा खाईल' हे माणसाच्या मुलांना लागू असेल, मांजराला नाही.

तुमच्यापैकी कोणी विचारील, की मग रोज काय घालावे? ज्यांना परवडते, त्यांनी मांजराचे तयार खाद्य आणावे. त्यात टॉरिन, चुना, जीवनसत्त्वे सगळे मोजून घातलेले असते. नुसत्या उकडलेल्या मांसात चुना नसतो; उंदीर खाताना मांजर त्याची हाडेही खाते, तो चुना त्याला तिथून मिळतो. तयार खाद्य महाग आहे हे मला माहीत आहे. रोज जमत नसेल तर घरचे मांस आणि ते खाद्य मिळून चालवावे, आणि पिल्लू किंवा गाभण मांजर असेल तर पशुवैद्याला विचारून घ्यावे.

आणि किती घालावे? इथे आपला अंदाज नेहमी चुकतो, कारण आपण आपल्या भुकेने मोजतो. घरात राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. एका उकडलेल्या अंड्यात ७० च्या आसपास असतात. म्हणजे एक अंडे हे मांजराच्या दिवसभराच्या जेवणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. तेव्हा सुट्टीच्या दिवशी आईने तुमच्यासाठी अंडे उकडले आणि मांजर पायांशी घासू लागले, तर त्याला अर्धे द्या, नीट कुस्करून, कोरे. उरलेल्या अर्ध्याला मीठ-मिरी लावा आणि ते तुम्ही खा.